छळाला श्रेय देऊ नका

सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच याच्याबद्दलचं ‘स्टालिनने छळलं म्हणून शोस्ताकोविच एवढा मोठा झाला’ हे विधान पाश्चात्त्य संगीत आवडीने ऐकणाऱ्या, भरपूर वाचणाऱ्या माणसांच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं आता वाटू लागलं. त्याच्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘एवढं सोसल्याशिवाय असं सुचत नाही.’ पाठोपाठ सोनं आगीतून गेल्याशिवाय उजळत नाही, हेही येतं. सोसणाऱ्याबद्दलचा आदर त्यामागे असतो, हे मला मान्य आहे. पण अशा बोलण्यात त्या आदराचा मोठा वाटा नकळत छळणाऱ्याच्या पदरात पडतो. सोव्हिएत राजवटीत लिहिल्या गेलेल्या चेंबर म्युझिकचा, म्हणजे दोन ते पाच-सात वादकांनी छोट्या सभागृहात वाजवायच्या संगीताचा, इतिहास जवळून पाहिला तर हे विधान टिकत नाही. ज्या गोष्टींच्या आधाराने ते संगीत उभं राहिलं त्या वेगळ्याच होत्या. आणि छळामुळे जे घडलं ते बहुतेक आपल्याला ऐकूच येत नाही, कारण ते लिहिलंच गेलं नाही.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेतो. 1936 च्या जानेवारीत शोस्ताकोविच 29 वर्षांचा होता. ‘म्त्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ’ हा त्याचा ऑपेरा दोन वर्षं लेनिनग्राड आणि मॉस्कोत गर्दीत चालला होता. 26 जानेवारीला स्टालिन तो पाहायला आला आणि शेवटापर्यंत न थांबता निघून गेला. 28 तारखेच्या ‘प्रावदा’त, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात, ‘संगीताऐवजी गोंधळ’ या मथळ्याचा बिननावी लेख छापून आला. हा खेळ फार वाईट रीतीने संपू शकतो, अशी उघड धमकी त्यात होती. रशियन स्त्रियांवर ऑपेरांची एक मालिकाच लिहिण्याचा मानस शोस्ताकोविचने तोपर्यंत जाहीर केला होता. ती मालिका राहूनच गेली. पुढच्या 39 वर्षांच्या आयुष्यात त्याने दुसरा गंभीर ऑपेरा पूर्ण केला नाही. त्याच 1936 च्या डिसेंबरात चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली; ती श्रोत्यांसमोर आली 30 डिसेंबर 1961 ला. आणि 1938 मध्ये त्याने पहिला स्ट्रिंग क्वार्टेट लिहिला. 1974 पर्यंत असे 15 झाले, आणि विसाव्या शतकातल्या क्वार्टेटची यादी आज त्यांच्याशिवाय करता येत नाही.

कालक्रम असा असल्यावर कुणालाही वाटेल की एक वाट अडवली गेली म्हणून दुसरी सापडली. वाट बदलण्यामागे भीती होती, हे मीही नाकारत नाही. ऑपेराला शब्द लागतात, नेपथ्य लागतं, सरकारी नाट्यगृह लागतं. सिंफनीला शंभर वादक लागतात, आणि तिचा पहिला प्रयोग ही त्या देशात राजकीय घटना असे; दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं निकाल देत. क्वार्टेटला चार माणसं पुरतात. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत तालीम होते. शब्द नसल्याने सेन्सॉरला बोट ठेवायला ओळ सापडत नाही. धोका कमी असलेल्या जागी माणूस जातो, हे साधं व्यवहारज्ञान आहे. प्रश्न असा आहे की त्या जागी गेल्यावर त्याने जे उभं केलं, ते कशाच्या बळावर केलं. वाट का बदलली याचं उत्तर म्हणजे काम इतकं चांगलं का झालं याचं उत्तर नव्हे, आणि ‘छळामुळे मोठा झाला’ म्हणणारे ही दोन उत्तरं एकच समजतात.

शिवाय छोटं सभागृह म्हणजे मोकळीक, हे समीकरणही फार ताणता येत नाही. 1940 साली शोस्ताकोविचने पियानो आणि चार तंतुवाद्यं यांच्यासाठी पियानो क्विंटेट लिहिला. 23 नोव्हेंबरला मॉस्कोत तो स्वतः पियानोवर बसला आणि बीथोव्हेन क्वार्टेट या संचाबरोबर त्याने तो सादर केला. पुढच्याच वर्षी त्याला एक लाख रुबलचं स्टालिन पारितोषिक मिळालं. म्हणजे राजवटीची नजर चेंबर म्युझिकवर होतीच. तेव्हा ती प्रसन्न होती, एवढंच. 1948 मध्ये ती फिरली. 10 फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ठराव केला आणि शोस्ताकोविच, प्रोकोफिएव, खाचातुरियान, शेबालिन, पोपोव आणि मियास्कोव्स्की यांना नावं घेऊन ‘रूपवादी’, म्हणजे लोकांपासून तुटून नुसते घाटाचे खेळ करणारे, ठरवलं. त्याआधीच्या बैठकीत पक्षाचं सांस्कृतिक धोरण पाहणाऱ्या आंद्रेई झ्दानोवने अशा संगीताची तुलना दंतवैद्याच्या ड्रिलशी केली होती. चार दिवसांनी वाजवायला मनाई असलेल्या रचनांची यादी निघाली. त्या यादीत शोस्ताकोविचच्या सिंफनी होत्याच, पण आठ तंतुवाद्यांसाठी त्याने विशीच्याही आत लिहिलेल्या दोन छोट्या रचना होत्या, पियानो सोनाटाही होता. त्याचा तरुण मित्र मिएचिस्वाव वाइनबेर्ग याचा सहावा क्वार्टेटही त्या यादीत होता. 1946 चा हा क्वार्टेट वाइनबेर्गच्या हयातीत वाजलाच नाही, आणि तो जगला 1996 पर्यंत. पन्नास वर्षं. आपण लिहिलेले सूर चार वाद्यांवर कसे उमटतात हे त्या माणसाने एकदाही ऐकलं नाही. छळाने कला फुलते असं म्हणणाऱ्यांनी या पन्नास वर्षांचा हिशेब कुठे मांडायचा ते सांगावं.

संगीतकाराला स्वतःचं संगीत ऐकायला मिळणं ही चैन नव्हे. कागदावरचा समतोल आणि सभागृहातला समतोल यांत फरक असतो. व्हिओला कुठे बुडतो, शांतता किती लांबवता येते, श्रोत्यांचा श्वास कुठे अडकतो, हे ऐकूनच कळतं, आणि पुढची रचना त्या कळण्यातून येते. 1949 मध्ये शोस्ताकोविचने चौथा क्वार्टेट लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात ज्यू लोकसंगीताच्या वळणाच्या धुना आहेत. आदल्या वर्षी जानेवारीत ज्यू रंगभूमीचा थोर नट सोलोमन मिखोएल्स याला मिन्स्कमध्ये ठार मारून तो अपघात असल्याचं भासवलं गेलं होतं. हा मिखोएल्स वाइनबेर्गचा सासरा. अशा दिवसांत तो क्वार्टेट बाहेर काढणं शक्य नव्हतं. तो खणात राहिला, आणि स्टालिन मेल्यावर, 3 डिसेंबर 1953 ला, मॉस्कोत वाजला. पाचव्याचंही तसंच झालं. त्याच 1949 मध्ये शोस्ताकोविचने वृक्षलागवडीच्या सरकारी योजनेचं गुणगान करणारं ‘अरण्यगीत’ लिहिलं, आणि त्यालाही स्टालिन पारितोषिक मिळालं. शिकवण्याच्या नोकऱ्या काढून घेतल्या होत्या, घर चालवायचं होतं, म्हणून सिनेमांचं संगीतही करत होता. छळाने त्याच्याकडून काय लिहून घेतलं याचं खरं उत्तर हवं असेल तर ते हे आहे. चौथा क्वार्टेट त्याने छळाला चुकवून लिहिला.

1949 च्या मार्चमधला एक प्रसंग मला या संदर्भात फार बोलका वाटतो. न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला शोस्ताकोविचला पाठवायचं ठरलं होतं आणि तो टाळत होता. तेव्हा स्टालिनचा स्वतःचा फोन आला. अमेरिकेत माझं संगीत वाजतं आणि इथे ते बंद आहे, तिथे मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, असं शोस्ताकोविचने त्याला विचारलं. 16 मार्चला मनाईचा हुकूम रद्द झाला. एका फोनने जे सुटतं ते मुळात कशासाठी बांधलं होतं? त्यात कसलीही सौंदर्यदृष्टी नव्हती, कलेला आव्हान देणारी कोणतीही कसोटी नव्हती. कलावंताचा कस लावणारी परीक्षा म्हणून ज्या गोष्टीकडे आपण पाहतो, ती एका माणसाची लहर आणि शेकडो अधिकाऱ्यांची भीती यांची बेरीज होती. हुकूम उठला तरी कार्यक्रम ठरवणारे घाबरलेलेच राहिले, आणि चौथा क्वार्टेट त्यानंतरही खणातच होता.

आता ज्यांची नावं या चर्चेत येतच नाहीत त्यांच्याकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे.

अलेक्सांद्र मोसोलोव. 1920 च्या दशकात यंत्रांच्या घरघरीला ऑर्केस्ट्रात आणणारा हा तरुण युरोपभर गाजला. त्याचा पहिला स्ट्रिंग क्वार्टेट 1927 मध्ये फ्रँकफुर्टच्या आंतरराष्ट्रीय समकालीन संगीत महोत्सवात वाजला. तो क्वार्टेट आज ऐकला तरी दचकायला होतं. वाद्यांना कुठे न्यायचं याची त्याला कसलीही भीड नाही. 1937 च्या नोव्हेंबरात त्याला अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा झाली. ग्लिएर आणि मियास्कोव्स्की या त्याच्या गुरूंनी अर्ज केल्यामुळे तो 1938 मध्ये सुटला. गुरूंनी जीव धोक्यात घालून केलेलं हे काम सांगायलाच हवं. पण सुटल्यानंतरचा मोसोलोव वेगळा होता. तो 1973 पर्यंत जगला, लिहीत राहिला, लोकधुनांवर आधारलेलं, कुणालाही न टोचणारं संगीत. आगीतून गेलेलं हे सोनं उजळलं नाही.

गाव्रिइल पोपोव शोस्ताकोविचच्या पिढीतला, आणि अनेक जाणकारांच्या मते त्याच्या तोडीचा. सात वाद्यांसाठी 1927 मध्ये लिहिलेली त्याची चेंबर सिंफनी ऐका. विनोद आणि हुरहुर एकाच ओळीत बसवण्याची त्याची हातोटी तेवीस वर्षांच्या वयात थक्क करणारी आहे. 1935 मध्ये त्याची पहिली सिंफनी लेनिनग्राडमध्ये एकदा वाजली, लगेच तिच्यावर बंदी आली, आणि तो 1972 मध्ये वारला तोपर्यंत ती पुन्हा वाजली नाही. मधल्या काळात त्याने सरकारला चालेल असं पुष्कळ लिहिलं आणि दारूही पुष्कळ प्यायला. निकोलाय रोस्लावेत्सने स्वतःची स्वररचनेची पद्धत घडवली होती, अनेक क्वार्टेट आणि सोनाटा लिहिले होते. त्याचं नावच पुसलं गेलं आणि 1944 मध्ये तो विस्मृतीतच वारला. निकोलाय झिल्यायेव हा शोस्ताकोविचला संगीतात मार्गदर्शन करणारा विद्वान. लाल सेनेतल्या मार्शल तुखाचेव्स्कीशी त्याची मैत्री होती. तुखाचेव्स्कीला 1937 च्या जूनमध्ये गोळ्या घातल्या, झिल्यायेवला 1938 च्या जानेवारीत. आपल्या नव्या रचना ज्याच्याकडे नेऊन दाखवाव्यात असा जाणता वडीलधारा माणूस शोस्ताकोविचकडून काढून घेतला गेला. या नुकसानीचं मोल कसं करायचं?

आणि वसेवोलोद झादेरात्स्की. 1891 चा जन्म. 1926 मध्ये पहिल्यांदा अटक झाली तेव्हा त्याची तोवरची हस्तलिखितं नष्ट झाली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागली. 1937 मध्ये पुन्हा अटक, आणि रवानगी थेट रशियाच्या अतिपूर्वेतल्या कोलिमाच्या छावणीत, जिथल्या थंडीत आणि सोन्याच्या खाणींत माणसं हजारोंनी मेली. तिथे, समोर पियानो नसताना, टेलिग्रामच्या फॉर्मवर आणि मिळतील त्या कागदांच्या तुकड्यांवर त्याने पियानोसाठी 24 प्रेल्यूड आणि फ्यूग लिहिले; प्रेल्यूड म्हणजे छोटी प्रस्तावना, आणि फ्यूग म्हणजे एकच धून अनेक आवाजांत एकमेकांत विणणारी रचना. 1939 मध्ये तो सुटला, 1953 मध्ये ल्वोव शहरात वारला. हे सगळे प्रेल्यूड आणि फ्यूग मॉस्कोत पूर्ण वाजले ते 2014 मध्ये. शोस्ताकोविचने याच घाटाचा आपला संग्रह 1950-51 मध्ये लिहिला, आणि तो काही वर्षांत जगभर पोचला.

झादेरात्स्कीची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, छावणीतसुद्धा कला जन्मलीच की. मला ही गोष्ट उलट दिशेने वाचावीशी वाटते. त्या माणसाच्या डोक्यात बाखचं संगीत इतकं पक्कं मुरलेलं होतं की पियानो नसतानाही तो चार-चार आवाजांचं विणकाम मनात ऐकू शकत होता. हे मुरणं कोलिमाला जाण्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांतलं आहे. शाळेतलं, गुरूंसमोरचं, रियाझाचं. आपल्याकडेही रागाचं चलन कंठात बसायला किती वर्षं जातात, हे गाणं शिकलेल्या माणसाला सांगायला नको. कोलिमाने त्यात स्वतःची भर काय घातली? फक्त कागदाचा तुटवडा.

मग हे संगीत घडलं कशामुळे? पेत्रोग्राडच्या काँझर्व्हेटरीमुळे घडलं, जिथे 1919 च्या उपासमारीत तेरा वर्षांच्या शोस्ताकोविचला तिथला संचालक, संगीतकार ग्लाझुनोव याने प्रवेश दिला आणि त्याच्या पोटाला मिळावं म्हणून रेशनची खटपट केली. बीथोव्हेन क्वार्टेट या संचामुळे घडलं. दिमित्री त्सिगानोव, वासिली आणि सेर्गेई हे दोघे शिरिन्स्की बंधू, आणि वादिम बोरिसोव्स्की हे चौघे 1923 पासून एकत्र वाजवत होते. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंत शोस्ताकोविचच्या प्रत्येक क्वार्टेटचा पहिला प्रयोग या संचाने केला. चौघांपैकी कुणी निवृत्त झाला, कुणी गेला, त्याच्या जागी नवा माणूस आला, तरी संच चालू राहिला. अकरावा, बारावा, तेरावा आणि चौदावा हे क्वार्टेट त्या मूळ चौघांना एकेक करून अर्पण केलेले आहेत. बोरिसोव्स्कीसाठीचा तेरावा ऐकताना व्हिओलाला दिलेल्या जागेवरून कळतं की लिहिणाऱ्याच्या कानात एक विशिष्ट माणूस, त्याचा हात, त्याचा आवाज होता. तीस-पस्तीस वर्षांच्या सहवासाशिवाय असं लिहिता येत नाही.

वाइनबेर्गशी असलेल्या मैत्रीमुळेही घडलं. वॉर्सॉतून 1939 मध्ये जीव वाचवून निघालेला हा पोलिश ज्यू तरुण मिन्स्क आणि ताश्कंद करत 1943 मध्ये मॉस्कोत आला तो शोस्ताकोविचच्या बोलावण्यामुळे. दोघे एकमेकांना प्रत्येक नवी रचना दाखवत. क्वार्टेटच्या संख्येत त्यांची खेळीमेळीची चढाओढ होती. वाइनबेर्गचे नऊ झाले होते, म्हणून शोस्ताकोविचने 1964 मध्ये दहावा लिहून त्याला मागे टाकलं आणि तो क्वार्टेट त्यालाच अर्पण केला. 1953 च्या फेब्रुवारीत वाइनबेर्गला पकडलं तेव्हा शोस्ताकोविचने सुरक्षायंत्रणेवर हुकमत असलेल्या बेरियाला पत्र लिहून त्याच्याबद्दल ग्वाही दिली, आणि आई-वडील दोघेही तुरुंगात गेले तर त्यांच्या लहान मुलीला आपण सांभाळू अशी तयारी शोस्ताकोविच पती-पत्नीने केली. मार्चमध्ये स्टालिन मेला, एप्रिलमध्ये वाइनबेर्ग सुटला. त्यानंतर त्याने लिहिलेलं सगळं, त्यात आणखी दहाएक क्वार्टेट, केवळ त्या मृत्यूची तारीख वेळेवर आली म्हणून आपल्याकडे आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. संगीतशाळा, नोटेशनची छपाई, संगीतकार संघाची विश्रामगृहं, वादकांचे पगार हे सगळं सोव्हिएत राज्यानेच चालवलं होतं. खरं आहे. काँझर्व्हेटरी झारच्या काळातल्या, सेंट पीटर्सबर्गची 1862 ची आणि मॉस्कोची 1866 ची, पण संगीतशिक्षण गावोगावी नेलं ते सोव्हिएत राज्याने. युद्धाच्या काळात मॉस्कोपासून दूर इवानोवोजवळ संगीतकारांसाठी एक विश्रामगृह उघडलं होतं. तिथे जेवण मिळे, शांतता मिळे, आणि शेजारच्या खोल्यांत प्रोकोफिएव, खाचातुरियान, ग्लिएर असत. 1944 च्या उन्हाळ्यात शोस्ताकोविचने आपला मित्र सोलेर्तिन्स्की याच्या स्मरणार्थ लिहायला घेतलेला पियानो ट्रिओ तिथे पूर्ण केला, आणि पाठोपाठ सप्टेंबरात दुसरा क्वार्टेट लिहिला. राज्याला श्रेय द्यायचं तर या भाताच्या ताटाचं आणि शांत खोलीचं द्यावं. मुंबईत 2006 मध्ये एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांच्याबरोबर कझाकस्तानातून आलेले वादक त्याच शिक्षणपरंपरेतून तयार झालेले होते. ती परंपरा इथवर पोचली ती शिक्षकांमुळे. तुरुंगांनी तिच्यातले शिक्षक कमी केले.

क्वार्टेट या प्रकाराचाच इतिहास पाहा. त्याला आकार दिला अठराव्या शतकातल्या हायडनने, आणि तो एस्टरहाझी घराण्याच्या पदरी वर्षानुवर्षं पगारी नोकरीत होता. कामाचा बोजा होता, गणवेश घालावा लागे, पण हाताशी उत्तम वादक होते आणि उद्याची भ्रांत नव्हती. या कलाप्रकाराला पहिली पन्नास वर्षं कुणाच्या छळाची गरज भासली नाही.

आठव्या क्वार्टेटकडे येतो, कारण सगळी चर्चा तिथेच सुरू होते. 1960 च्या जुलैत शोस्ताकोविच ड्रेस्डेनजवळच्या गोरिश या गावी गेला होता. काम होतं एका युद्धपटाच्या संगीताचं. त्याऐवजी 12 ते 14 जुलै या तीन दिवसांत त्याने हा क्वार्टेट लिहिला. अर्पणपत्रिका फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींना. पण मित्र इसाक ग्लिकमन याला त्याच आठवड्यात लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी मेल्यावर माझ्या स्मरणार्थ कुणी काही लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच लिहिलं. स्टालिन जाऊन सात वर्षं झाली होती. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्यावर पक्षात येण्यासाठी दबाव आला होता आणि त्याने मान तुकवली होती. ते सांगताना तो ढसाढसा रडल्याचं ग्लिकमनने लिहून ठेवलं आहे. चौथ्या भागातले तीन-तीन ठोके कुणाला पोलिसांनी दारावर मारलेल्या थापा वाटतात, कुणाला ड्रेस्डेनवर पडणारे बाँब. सोलोमन व्होल्कोव यांनी 1979 मध्ये शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून जे प्रसिद्ध केलं त्यानंतर अशा गुप्त खुणा शोधण्याचा उद्योगच सुरू झाला. त्यातले काही उतारे आधीच छापून आलेल्या लेखांतले आहेत, हे लॉरेल फे यांनी 1980 मध्ये दाखवून दिलं, आणि वाद आजही चालू आहे.

मला त्या वादापेक्षा पहिली वीस सेकंदं महत्त्वाची वाटतात. एकटा चेलो चार सूर वाजवतो. डी, एस, सी, एच: जर्मन स्वरलेखनात त्याच्या नावाची आद्याक्षरं. आपल्या भाषेत म्हणायचं तर सी म्हणजे सा धरून रे, कोमल ग, सा आणि खालचा शुद्ध नी. पेटीवर वाजवून पाहा. चारही सूर एका मुठीत बसतात. चेलोपाठोपाठ व्हिओला तेच घेऊन येतो, मग दुसरं व्हायोलिन, मग पहिलं. पुढची वीस मिनिटं, न थांबता जोडलेले पाच भाग, या चार सुरांतून उलगडत जातात. मध्येच त्याच्या पहिल्या सिंफनीची आठवण येते, ट्रिओतली ज्यू धून किंचाळत येते, चौथ्या भागात चेलो वरच्या पट्टीत जाऊन 1936 मध्ये झोडपल्या गेलेल्या त्या ऑपेरातली एक आर्त ओळ गातो. ज्याला स्टालिन कोण हे माहीत नाही अशा श्रोत्यालाही हा क्वार्टेट धरून ठेवतो, तो या बांधणीमुळे. एवढ्याशा ऐवजातून एवढी मोठी वास्तू उभी करण्याचं शिक्षण त्याला बाखने दिलं, बीथोव्हेनच्या शेवटच्या क्वार्टेटनी दिलं. दुःख सगळ्यांनाच होतं. मोसोलोवला होतं, पोपोवला होतं, आणि ज्यांनी कधी एक सूर लिहिला नाही अशा लाखो कैद्यांना होतं. दुःखातून आपोआप क्वार्टेट निघत असते तर कोलिमातून हजारो निघाले असते.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा आपल्या घराघरात सांगितली जाते. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असं परंपरा मानते. पण अभंगांचं श्रेय कुठल्याही कीर्तनकाराने बुडवायला लावणाऱ्याला दिल्याचं मी ऐकलेलं नाही. वारकऱ्यांना हा विवेक सहज आहे. दूरच्या देशातल्या, दूरच्या भाषेतल्या कलावंताबद्दल बोलताना तोच आपल्याकडून सुटतो, कारण तिथलं दुःख आपल्याला अंगावर घ्यायचं नसतं आणि फळ मात्र कानावर पडत असतं.

मी याला एवढं महत्त्व देतो कारण हे मत सभागृहाबाहेरही काम करतं. कलावंताला जरा अडचणीत ठेवलेलंच बरं, पोट भरलेला माणूस काय लिहिणार, बंदी आली म्हणजे प्रसिद्धीच झाली की, ही सगळी त्याच कुळातली वाक्यं आहेत. अनुदान बंद करणाऱ्याला, प्रयोग पाडणाऱ्याला, परवानगी अडवून ठेवणाऱ्याला ही वाक्यं सोयीची असतात. आणि ही गोष्ट फक्त जुनी नाही. पावेल कुशनिर हा रशियन पियानोवादक युक्रेनवरच्या युद्धाविरुद्ध बोलला म्हणून पकडला गेला, आणि 2024 च्या जुलैत बिरोबिजानच्या कोठडीत उपोषण करताना वारला. वय 39. त्याचं वाजवणं जगातल्या बहुतेक लोकांनी त्याच्या मृत्यूनंतर ऐकलं. त्या कोठडीने संगीताला काय दिलं, असं विचारायची कुणाची हिंमत होणार नाही. शोस्ताकोविचच्या बाबतीत तोच प्रश्न आपण बेधडक विचारतो, आणि त्याचं उत्तरही कौतुकाने देतो.

माझी मागणी मोठी नाही. सोव्हिएत काळातलं चेंबर म्युझिक ऐकवणाऱ्यांनी, त्यावर लिहिणाऱ्यांनी आणि बोलणाऱ्यांनी आठव्या क्वार्टेटच्या शेजारी मोसोलोवचा पहिला ठेवावा, पोपोवची सात वाद्यांची रचना ठेवावी, वाइनबेर्गचा सहावा ठेवावा, झादेरात्स्कीचे चार-दोन फ्यूग ठेवावेत. यांतलं बरंचसं आता ध्वनिमुद्रित झालेलं आहे आणि घरबसल्या ऐकता येतं. माहितीपत्रकात तुरुंगाची वर्षं छापावीतच, पण त्यांच्याबरोबर गुरूंची नावं, पहिल्यांदा वाजवणाऱ्यांची नावं आणि ती रचना किती वर्षं वाजू दिली नाही तो आकडाही छापावा. आणि पोपोवची ती 1927 ची रचना संपल्यावर, याने पुढच्या 45 वर्षांत काय काय लिहिलं असतं, हा प्रश्न श्रोत्यांसमोर मोठ्याने विचारावा.